शिडाच्या नौकेचा इंजिनावरील वेग मंदावणे

शिडाच्या नौकेचा इंजिनावरील वेग मंदावणे म्हणजे शिडे उतरवून केवळ इंजिनाच्या बळावर चालताना नौकेने आपला नेहमीचा वेग न गाठणे. हा स्वतंत्र बिघाड नसून अनेक बिघाडांचे समान लक्षण आहे. इंधनाची टाकी, इंजिन, गिअरपेटी, शाफ्ट, पंखा, नौकेचा तळ आणि भोवतालचे पाणी अशी शक्तीच्या वहनाची साखळी असते. तिच्यातील कोणताही दुवा दुर्बळ झाला तरी परिणाम एकच दिसतो. त्यामुळे सुटे भाग बदलण्यापूर्वी दोष साखळीच्या कोणत्या भागात आहे हे ठरवणे, हा निदानाचा गाभा होय.

शिडाची नौका आणि शिडे नसलेली संथ होडी या दोहोंना ही कारणे सारखीच लागू पडतात, कारण दोन्हींचा तळ पाणी बाजूला सारत पुढे जातो. वेगवान स्पीडबोटीप्रमाणे तो पाण्यावर उचलला जात नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड तालुक्यांत भीमा व घोड या नद्यांच्या पात्रांत आणि उजनी जलाशयाच्या फुगवट्यात चालणाऱ्या इंजिनाच्या होड्या हे याचे समुद्रापासून दूरचे उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मचवा, पडाव, गलबत अशा शिडाच्या नौकांची दीर्घ परंपरा आहे. स्वातंत्र्योत्तर काळात मासेमारीच्या शिडाच्या नौकांवर डिझेल इंजिने बसवण्यास सुरुवात झाली आणि हळूहळू शीड दुय्यम ठरून इंजिन मुख्य झाले. क्रीडा व सागरपर्यटनाच्या नौकांत याउलट शीड मुख्य आणि इंजिन पूरक राहिले. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या भारतीय नौदलाच्या 'म्हादेई' व 'तारिणी' या पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या नौका याच प्रकारच्या आहेत. अशा नौकेला इंजिन प्रामुख्याने बंदरात शिरताना, बाहेर पडताना, वारा पडल्यावर आणि संकटसमयी लागते. एरवी ते बंद राहत असल्याने त्याची शक्ती घटल्याचे पुष्कळदा नेमके गरजेच्या वेळी कळते.

वेगाची नैसर्गिक मर्यादा

वेग मंदावला आहे की नौका मुळातच तेवढ्या वेगाची आहे, हा पहिला प्रश्न असतो. पाणी सारत जाणारी नौका नाळेपाशी आणि मागील टोकापाशी लाटा निर्माण करते. वेग वाढतो तशी या लाटांची लांबी वाढते. ती नौकेच्या जलरेषेच्या लांबीइतकी झाली की नौका स्वतःच्याच लाटेच्या चढावर अडकते आणि पुढे इंजिनाची शक्ती कितीही वाढवली तरी वेगात फारशी भर पडत नाही. नौकेचा आकार व तिचा पाण्यातील विरोध यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास इंग्लिश अभियंता विल्यम फ्रूड (१८१०–१८७९) यांनी केला.

व्यवहारात ही मर्यादा पुढील सूत्राने काढतात : नॉटमधील वेग = २.४३ × जलरेषेच्या मीटरमधील लांबीचे वर्गमूळ. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. त्यानुसार ४ मीटर जलरेषेच्या होडीला सुमारे ४.९ नॉट, ६ मीटरला ६ नॉट आणि ९ मीटरला ७.३ नॉट अशी मर्यादा येते. हे सूत्र अंदाज देते. अरुंद व हलक्या नौका ही मर्यादा काही प्रमाणात ओलांडू शकतात.

या मर्यादेचा आणखी एक परिणाम दोष शोधताना महत्त्वाचा ठरतो. अशा नौकेला लागणारी शक्ती स्थूलमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते आणि मर्यादेजवळ त्याहूनही झपाट्याने वाढते. ६ नॉटने चालणारी नौका ५ नॉटवर आली, तर वेग सुमारे १७ टक्क्यांनी घटलेला दिसतो. परंतु पंख्यातून पाण्याला मिळणारी उपयुक्त शक्ती सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झालेली असते. एका नॉटची घट किरकोळ वाटली तरी तिच्यामागे शक्तीची मोठी तूट दडलेली असू शकते.

वेगाचे मोजमाप

उपग्रहाधारित यंत्र जमिनीच्या संदर्भातील वेग दाखवते, पाण्याच्या संदर्भातील नव्हे. खाडीत किंवा वाहत्या नदीत २ नॉटचा प्रवाह समोरून असेल, तर ६ नॉटने चालणारी नौका या यंत्रावर ४ नॉट दाखवते. म्हणून एकाच सरळ मार्गावर, थ्रॉटल न बदलता, एकदा जाताना व लगेच परत येताना वेग मोजून दोहोंची सरासरी घ्यावी. वारा मंद असावा, पाणी खोल असावे आणि नौकेवरील भार नेहमीइतका असावा. नौका नवी किंवा नुकतीच दुरुस्त झालेली असताना इंजिनाचे फेरे व त्या फेऱ्यांना मिळणारा वेग यांची नोंद वहीत करून ठेवल्यास पुढे तुलना करता येते. अशी नोंद नसेल, तर 'पूर्वी जोरात चालत असे' एवढ्या आठवणीवरच निदान अवलंबून राहते.

निदानाचे मूलसूत्र

इंजिन आपले ठरलेले कमाल फेरे गाठते की नाही, या एका निरीक्षणावरून सर्व कारणांचे दोन गट पडतात. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलवरील दर मिनिटाचे कमाल फेरे दिलेले असतात.

१. फेरे पूर्ण किंवा अधिक, पण वेग कमी : इंजिन निरोगी असण्याची शक्यता अधिक. शक्ती इंजिनानंतर, म्हणजे गिअर, शाफ्ट किंवा पंख्याच्या ठिकाणी वाया जात आहे.

२. फेरे अपुरे आणि वेगही कमी : इंजिनावर भार अधिक आहे किंवा इंजिनाचीच शक्ती घटली आहे.

दुसऱ्या गटातील दोन शक्यता वेगळ्या करण्यासाठी गिअर मोकळा ठेवून इंजिनाचे फेरे क्षणभर वाढवून पाहतात. भार नसतानाही फेरे चढत नसतील, तर इंधन, हवा किंवा थ्रॉटलची तार यांत दोष संभवतो. मोकळ्या गिअरमध्ये फेरे सहज चढत असतील आणि गिअर टाकल्यावर अडत असतील, तर प्रथम तळ व पंखा तपासावा. मात्र ही चाचणी निर्णायक नाही, कारण अर्धवट तुंबलेला फिल्टर मोकळ्या गिअरमध्ये पुरेसे इंधन सोडतो आणि भार आल्यावरच कमी पडतो.

टॅकोमीटर हा फेरे दाखवणारा काटाही चुकू शकतो. काही इंजिनांत तो अल्टरनेटरच्या संकेतावर चालतो आणि पट्टा सैल झाल्यास कमी फेरे दाखवतो. शंका असल्यास हातात धरण्याच्या प्रकाशीय टॅकोमीटरने पडताळणी करावी.

फेरे पूर्ण, वेग कमी

पंखा पाण्यात मळसूत्राप्रमाणे पुढे सरकतो. एका फेऱ्यात तो घन पदार्थातून जितके अंतर कापेल, त्याला पंख्याचा आटा म्हणता येईल. आटा ०.२५ मीटर आणि शाफ्टचे फेरे मिनिटाला १,२०० असतील, तर सैद्धांतिक वेग ताशी १८ किलोमीटर होतो. पाणी मागे सरकत असल्याने प्रत्यक्ष वेग यापेक्षा कमीच राहतो. या उदाहरणातील नौका ६ नॉटने, म्हणजे ताशी ११.१ किलोमीटरने चालत असेल, तर घसरण सुमारे ३८ टक्के झाली. संथ व जड नौकांत एवढी घसरण सामान्य मानली जाते. ती याहून बरीच वाढली असेल, तर पुढील कारणे तपासतात :

पंख्याची पाती वाकलेली, तुटलेली किंवा झिजलेली असणे. यासोबत बहुधा थरथर जाणवते.

घडीच्या पंख्याचे पाते पूर्ण न उघडणे. शीड चालू असताना विरोध कमी व्हावा म्हणून असे पंखे मिटतात. सांध्यात शंख-शिंपल्यांची वाढ किंवा कचरा अडकल्यास ते अर्धवट उघडतात.

गिअरपेटीतील क्लच घसरणे, किंवा गिअरची तार सैल झाल्याने गिअर पूर्ण न बसणे.

शाफ्ट व कपलिंगमधील चावी तुटणे.

आउटबोर्ड इंजिनाच्या पंख्यातील रबरी गाभा सुटणे. हळू चालताना होडी ठीक चालते, पण थ्रॉटल वाढवताच इंजिन गरजते आणि होडी पुढे सरत नाही. पंख्याच्या आतील व बाहेरील कड्यावर रंगाची एकच सरळ रेघ ओढून होडी चालवल्यास, परतल्यावर रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसतात आणि दोष निश्चित होतो.

आउटबोर्ड इंजिन फार उंच बसवल्याने पंख्यात पृष्ठभागावरील हवा ओढली जाणे. पंख्यावरील आडवी पट्टी साधारणतः नौकेच्या तळाच्या पातळीत असावी.

फेरे अपुरे : भार अधिक

या गटातील सर्वांत सामान्य कारण म्हणजे अस्वच्छ तळ. समुद्राच्या पाण्यात शेवाळ, कवचधारी जीव व कालवे तळाला चिकटतात. उष्ण कटिबंधातील बंदरात स्थिर उभ्या असलेल्या नौकेवर ही वाढ काही आठवड्यांतच लक्षणीय होते. तळ स्वच्छ असूनही पंखा तेवढा कवचांनी माखलेला असू शकतो. पात्यांचा आकार बिघडल्याने याचा परिणाम त्यांच्या लहान क्षेत्रफळाच्या मानाने फार मोठा होतो. म्हणून तळाची पाहणी करताना पंखा, शाफ्ट व सुकाणू यांचीही पाहणी केली जाते. वाढ रोखण्यासाठी तांबेयुक्त रंग देतात. पूर्वी वापरात असलेल्या कथिलयुक्त टीबीटी रंगांवर सागरी जीवांना होणाऱ्या हानीमुळे २००१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आणली. तो करार २००८ मध्ये अमलात आला.

इतर कारणांत शाफ्टभोवती दोर किंवा जाळे गुंडाळणे, शाफ्ट व इंजिन एका रेषेत नसणे, आणि इंजिनाच्या मानाने पंखा मोठा किंवा अधिक आट्याचा असणे यांचा समावेश होतो. शाफ्ट हाताने फिरवून पाहिल्यास जखडलेपणा कळतो. पंखा अधिक आट्याचा असेल, तर नौका नवी असतानाही इंजिन कमाल फेरे गाठत नाही. म्हणून दोष पंखा बदलल्यापासून आहे का, हे विचारणे उपयुक्त ठरते. अतिरिक्त सामान, तळात साचलेले पाणी आणि मागील भाग खाली दबणे हीसुद्धा भाराचीच रूपे आहेत.

फेरे अपुरे : शक्ती कमी

डिझेल इंजिनात प्रथम इंधनमार्ग तपासतात. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी व गाळ, त्यावर वाढणारे सूक्ष्मजीव, तुंबलेले फिल्टर, टाकीचे बंद झालेले हवाछिद्र आणि नळीच्या सांध्यातून आत शिरणारी हवा ही नेहमीची कारणे होत. पेट्रोल इंजिनात इथेनॉलमिश्रित इंधन दीर्घकाळ साठवल्यास ते हवेतील ओलावा शोषते आणि पाण्याचा थर वेगळा होऊ शकतो.

त्यानंतर हवा व धूर बाहेर पडण्याचा मार्ग पाहतात. इंजिनकक्षाची हवेची वाट बंद झाली, हवेचा फिल्टर तुंबला किंवा टर्बोचार्जर काजळीने भरला, तर इंजिन गुदमरते. थंड करण्याचे पाणी ज्या वळणदार नळीत धुरात मिसळते, तिथे काजळी व क्षार साचून मार्ग अरुंद होतो. हा दोष बाहेरून दिसत नाही. नळी उघडूनच पाहावी लागते. थ्रॉटलची तार ताणली गेल्याने दांडा पूर्ण पुढे नेऊनही इंजिनावरील कळ शेवटपर्यंत न पोहोचणे, हे अत्यंत साधे कारण पुष्कळदा दुर्लक्षित राहते.

धुराचा रंग येथे साहाय्यक ठरतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन अधिक. तो अतिभार, तुंबलेला हवेचा मार्ग किंवा बिघडलेला इंजेक्टर सुचवतो. निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे दर्शवतो. पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचा किंवा वाफेचा असतो. धूर स्वच्छ आहे आणि तरीही फेरे अपुरे आहेत, अशा वेळी इंधनच कमी पोहोचत असल्याची शक्यता बळावते.

शिरूर व दौंड परिसरातील परिस्थिती

शिरूर शहर घोड नदीच्या, तर दौंड शहर भीमा नदीच्या काठी आहे. भीमा काही अंतर या दोन तालुक्यांच्या सीमेवरून वाहते आणि मुळा-मुठा तिला रांजणगाव सांडसजवळ मिळते. घोड नदीवर शिरूर तालुक्यातील चिंचणी येथे धरण आहे. सोलापूर जिल्ह्यात भीमेवर बांधलेल्या उजनी धरणाचा 'यशवंतसागर' हा जलाशय इंदापूरमार्गे दौंड तालुक्यापर्यंत पसरतो. मासेमारी, एका काठावरून दुसऱ्या काठावर ये-जा आणि भिगवण परिसरातील पक्षिनिरीक्षण यांसाठी या पाण्यावर होड्या चालतात. निदानाचे मूलसूत्र येथेही तेच राहते. कारणांचा क्रम मात्र समुद्राहून वेगळा लागतो.

गोड्या पाण्यात सागरी कवचधारी जीव नसतात. त्यांची जागा जलपर्णी व शेवाळ घेतात. मूळ दक्षिण अमेरिकेतील ही तरंगती वनस्पती सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर वेगाने वाढते आणि मुळा-मुठा व भीमेच्या संथ पाण्यात तिचे जाड थर दिसतात. तिची लांब तंतुमय मुळे पंख्याभोवती गुंडाळली जातात आणि थंड पाणी आत घेण्याचे छिद्रही बुजवतात. त्यामुळे वेग मंदावणे आणि इंजिन तापणे ही दोन लक्षणे येथे सोबत येतात. नायलॉनच्या मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडेही असेच अडकतात.

उन्हाळ्यात जलाशयाची पातळी उतरते तेव्हा एरवी पाण्याखाली असलेली जुनी बांधकामे, झाडांचे बुंधे व खडक वर येतात. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पाण्याखाली गेलेले जुने मंदिर अशा वेळी दिसू लागते. दिसण्याच्या आधीच्या दिवसांत, पृष्ठभागाच्या थोडेच खाली असलेल्या अशा अडथळ्यांवर पंख्याची पाती आपटण्याचा धोका सर्वाधिक असतो.

उथळ पाणी स्वतःही वेग रोखते. लाटेचा वेग खोलीवर अवलंबून असतो. १ मीटर खोलीत तो ताशी सुमारे ११ किलोमीटर, तर अर्ध्या मीटर खोलीत सुमारे ८ किलोमीटर असतो. होडी या वेगाच्या जवळ जाऊ लागताच विरोध वाढतो, मागील भाग खाली बसतो आणि थ्रॉटल वाढवूनही होडी पुढे सरत नाही. खोल पाण्यात गेल्यावर वेग पूर्ववत झाला, तर होडीत दोष नाही असे समजावे.

उंचीचाही थोडा प्रभाव पडतो. उजनीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आहे. या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी विरळ असते, म्हणून टर्बोचार्जर नसलेले इंजिन तेवढ्याच प्रमाणात कमी शक्ती देते. मे महिन्यातील उष्ण हवा त्यात आणखी घट करते. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी हलके असल्याने तीच होडी येथे किंचित अधिक बुडते. किनाऱ्यावर वापरलेली होडी व तिचा पंखा तसाच येथे आणल्यास थोडे कमी फेरे मिळणे स्वाभाविक आहे. मात्र या कारणांनी वेग मोठ्या प्रमाणात घटत नाही. तशी घट दिसल्यास अन्य दोष शोधावा.

राखीव शक्ती व सुरक्षितता

शांत पाण्यात मंदावलेला वेग ही गैरसोय असते. वाऱ्यात तो धोका ठरतो. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वारा दुप्पट झाला की होडीवरील दाब चौपट होतो. त्याच वेळी उसळलेल्या लाटांचा विरोधही वाढतो. होडीची नाळ वाऱ्याकडे धरून ठेवण्यासाठी लागणारी शक्ती ही रोजच्या वापरातून शिल्लक राहिलेली राखीव शक्ती असते. ती अस्वच्छ पंख्यात किंवा तुंबलेल्या फिल्टरमध्ये आधीच खर्ची पडली असेल, तर होडी वाऱ्याला आडवी होते आणि लाट बाजूने आदळते.

उजनीचा जलाशय विस्तीर्ण व उघडा असून वळवाच्या दिवसांत तेथे अचानक वादळी वारे सुटतात. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव व इंदापूर तालुक्यातील कळाशी यांदरम्यान जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेला वादळ कारणीभूत होते; परंतु अशा पाण्यावर काठ गाठण्यास किती थोडा अवधी मिळतो, हे तिच्यावरून स्पष्ट होते. निरोगी इंजिन वादळावरचा उपाय नव्हे. आकाश भरून आल्यावर होडी न सोडणे, क्षमतेहून अधिक माणसे न बसवणे आणि प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालणे यांना पर्याय नाही. होडीचा वेग घटल्याचे ठाऊक असेल, तर दोष दूर होईपर्यंत ती लांब पल्ल्यावर नेऊ नये.

तपासणीचा क्रम

कमी खर्चाच्या व सोप्या गोष्टी आधी तपासाव्यात, असा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे आहे :

१. जाता-येता वेग मोजून सरासरी काढणे व जुन्या नोंदीशी ताडून पाहणे.
२. खोल पाण्यात, नेहमीच्या भारासह पुन्हा चाचणी घेणे. तळातील पाणी उपसणे.
३. पूर्ण थ्रॉटलवरील फेरे पाहणे व धुराचा रंग नोंदवणे.
४. थ्रॉटल व गिअरच्या तारा शेवटपर्यंत सरकतात का, ते पाहणे.
५. पंखा, शाफ्ट व तळ यांची पाहणी व सफाई.
६. इंधनातील पाणी काढणे, इंधनाचे व हवेचे फिल्टर बदलणे.
७. धूर बाहेर जाण्याचा मार्ग उघडून काजळी तपासणे.
८. यानंतरही दोष राहिल्यास इंजेक्टर, टर्बोचार्जर, दाब व गिअरपेटी यांची जाणकार मिस्त्रीकडून तपासणी.

एका वेळी एकच बदल करून पुन्हा चाचणी घ्यावी. अनेक बदल एकत्र केल्यास खरे कारण कळत नाही. पंख्याला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढून घेणे अनिवार्य आहे. पाण्यात उतरून पंखा मोकळा करायचा असल्यास होडी दोराने बांधलेली असावी आणि काठावर किंवा होडीत दुसरी व्यक्ती असावी.

प्रतिबंधक देखभाल

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढून तळ घासण्याची, रंग देण्याची व इंजिन दुरुस्त करण्याची प्रथा आहे. नदी व जलाशयांतील होड्यांसाठी पाणी उतरलेला उन्हाळा हा तळ व पंखा तपासण्याचा सोयीचा काळ ठरतो. वर्षातून एकदा इंधनाची टाकी रिकामी करून धुणे, फिल्टर ठरलेल्या तासांनी बदलणे, जलपर्णीतून गेल्यावर पंखा व पाण्याचे छिद्र लगेच साफ करणे आणि महिन्यातून एकदा पूर्ण थ्रॉटलवरील फेरे व वेग वहीत लिहिणे, एवढ्या उपायांनी बहुतेक दोष गंभीर होण्यापूर्वीच उघडकीस येतात.